शहाणं मूल आणि धास्तावलेलं मूल

"काय गुणाचं पोर आहे!" बाप गर्दच्या नाहीतर दारूच्या नादी लागलाय, आणि आठ-नऊ वर्षांचं मूल निमूट अभ्यास करतंय, धाकट्याला भरवतंय, कशाचाही हट्ट करत नाही, असं दिसलं की शेजारीपाजारी हमखास असं म्हणतात. मला या कौतुकाची भीती वाटते. समजूतदारपणा आणि धास्ती बाहेरून अगदी सारख्याच दिसतात.

फरक कळतो तो संध्याकाळी. शहाणं मूल बाबांना पाणी देतं आणि परत खेळायला पळतं. धास्तावलेलं मूल आधी कानोसा घेतं. जिन्यात पाय अडखळला का? चपला काढल्या की भिरकावल्या? तेवढ्यावरून रात्र कशी जाणार ते त्याला कळतं आणि ते धाकट्याला आतल्या खोलीत नेतं. रोज असा पहारा दिला की शरीर सैल पडायचंच विसरतं. झोप सावध होते, वर्गात लक्ष लागत नाही, पोट दुखतं आणि तपासणीत काहीच सापडत नाही.

शहाणं मूल चुकतं, कंटाळतं, "आज मी नाही करणार" म्हणतं. दुसऱ्याला ती मुभाच नसते.

"पण तो पोरांना हात लावत नाही" हेही नेहमी ऐकू येतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फेलिटी आणि अंडा यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात मारहाणीबरोबरच घरातलं व्यसनही बालपणीच्या आघातांत मोजलं होतं. असे आघात जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा आणि व्यसनाचा धोका जास्त, असं त्यात दिसलं.

बाप व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन आला तरी पोराचे कान लगेच शांत होत नाहीत. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि सांगावं लागतं. दारूचं व्यसन असलेल्या माणसांच्या किशोरवयीन मुलांसाठी १९५७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अलाटीन गटांत जे सांगतात, ते आपल्या भाषेत असं: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, ते तुला आवरता येणार नाही आणि बरंही करता येणार नाही.

हे सांगणारं घरात कुणी नसेल तर मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही नंबर मोफत आहेत.