अठरा होल आणि व्हिस्कीची बाटली

गोल्फमध्ये अठराच होल (म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचे टप्पे) का? यावर एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते: स्कॉटलंडमधला एक म्हातारा खेळाडू प्रत्येक होलला व्हिस्कीचा एक घोट घ्यायचा, अठराव्या होलला बाटली रिकामी झाली, म्हणून खेळही तिथेच संपला. गोष्ट गमतीची आहे, पण खरी नाही.

खरं कारण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या जुन्या गोल्फ मैदानावर सापडतं. समुद्राकाठच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात सुरुवातीला बाराच होल होते. खेळाडू टोकापर्यंत जायचे आणि त्याच होलांवरून परत यायचे. त्यातले दहा दोनदा खेळले जात, म्हणजे एका फेरीत बावीस. 1764 मध्ये सुरुवातीचे चार छोटे होल जोडून त्यांचे दोन केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी. उरले अठरा, बस्स!

याची खूण आजही मैदानावर दिसते. खळग्यांभोवतीच्या छाटलेल्या गवताच्या सात हिरवळी इतक्या प्रशस्त आहेत की प्रत्येकीवर दोन-दोन झेंडे रोवलेले असतात, एक जाणाऱ्यांचा, एक परतणाऱ्यांचा. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा... कुठलीही जोडी घ्या, बेरीज अठराच. मला हे फार सुंदर वाटतं.

आणि अठरा हा आकडा लगेच सगळीकडे रुजला असंही नाही. 1860 ची पहिली ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकच्या बारा होलांच्या मैदानावर, तीन फेऱ्यांत झाली. सेंट अँड्र्यूजला ती आली 1873 मध्ये.