जुन्या इलेक्ट्रिक मॉडेल इंजिनांची दुरुस्ती (बेळगाव सीमाभाग)

रुळातून करंट घेऊन पळणारी, साधारण १९२० ते १९७० च्या दरम्यान बनलेली छोटी मॉडेल इंजिनं परत चालती करायची, आणि ते करताना त्यांचं जुनेपण घालवायचं नाही, ह्याला जुन्या मॉडेल इंजिनांची दुरुस्ती म्हणतात. विकली गेली ती खेळणी म्हणून, पण आत खरी मोटर, खरे गिअर आणि ओतीव धातूची बॉडी असतेय, त्यामुळं हे काम वायंडिंगवाला, टर्नर आणि घड्याळजी अशा तिघांचं मिळून आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यात पार्ट परदेशातून मागवावे लागले तरी हात इथंच मिळतात, उद्यमबागेत लेथ आणि फाउंड्री आहेत, शेतातल्या पंपांमुळं मोटर वायंडिंगची दुकानं जागोजागी आहेत, आणि शहापूर-वडगावच्या मागांवर काम केलेल्या फिटरला बारीक स्प्रिंग आणि दाते नवीन नाहीत. टिळकवाडीत रेल्वे फाटकांवरून पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असे पत्ते सांगणाऱ्या गावात रेल्वेचं वेड असणार हे वेगळं सांगायला नको.

इंजिन हातात आलं की आधी कंपनी ओळखायची, लगेच करंट द्यायचा नाही. अमेरिकेची लायोनेल १९०० साली सुरू झाली, तिची ओ गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं माप) इंजिनं तीन रुळांवर आणि एसी करंटवर चालतात. जर्मनीची मार्कलिन १८५९ ची, तिची छोटी इंजिनं १९३५ पासूनची, तीही एसीवरच. इंग्लंडच्या हॉर्नबीची डब्लो मालिका १९३८ ची, ती १२ व्होल्ट डीसीवर. एसीच्या मोटरला डीसी दिला तर बहुतेक वेळा ती फिरते, पण डीसीच्या, म्हणजे कायम चुंबक असलेल्या मोटरला एसी दिला की ती नुसती थरथरत तापते आणि वायंडिंग जळतं. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर ११०-१२० व्होल्टचा असतोय, तो आपल्या २३० च्या प्लगात घातला की खेळ खल्लास, मध्ये व्होल्ट कमी करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर पाहिजेच. आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरची वायर तडकलेली असेल तर ती बदलल्याशिवाय प्लगला हात लावू नये, इंजिन १२ व्होल्टचं असलं तरी ट्रान्सफॉर्मरच्या प्लगकडच्या बाजूला पूर्ण २३० आहे.

"मेलेलं" म्हणून आलेली बरीचशी इंजिनं मेलेली नसतातच. ग्रीस सुकून डिंकासारखं घट्ट झालेलं असतंय आणि कम्युटेटरवर कार्बनचा काळा थर बसलेला असतोय, एवढंच. कम्युटेटर म्हणजे आर्मेचरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) टोकाचे तांब्याचे तुकडे, डीसीच्या साध्या मोटरला तीन असतात. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या सुती कापडानं ते तांबं चकाकेपर्यंत पुसायचं, मग दोन तुकड्यांमधली फट लाकडी टूथपिकनं साफ करायची, कारण त्या फटीत कार्बन भरला की करंट तिथूनच पलीकडं जातोय आणि मोटर जोर धरत नाही. पॉलिश पेपर अगदीच गरज पडली तर, आणि तोही सगळ्यात बारीक. तारेची घासणी मात्र कधीच नाही, तिचे लोखंडी तंतू चुंबकाला चिकटतात आणि नंतर आत शॉर्ट होतात. कम्युटेटरला करंट देणारे कार्बनचे ब्रश झिजलेत का, त्यांच्या स्प्रिंगमध्ये जोर आहे का तेही बघायचं. बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे, जास्त घातलं की ते कम्युटेटरवर येतंय आणि पहिल्यापासून सगळं परत.

तरीही फिरली नाही तर मल्टिमीटर. तीन तुकड्यांच्या आर्मेचरमध्ये दोन-दोन तुकड्यांमधला ओहम मोजायचा, तिन्ही रीडिंग सारखी आली पाहिजेत. एक वेगळं आलं तर वायंडिंग गेलं किंवा सांधा सुटला, सांधा असेल तर डाख लावून भागतंय, नाहीतर रिवायंडिंग. वायंडरकडं नेताना जुन्या तारेची जाडी आणि वेढे मोजून न्यायचे, अंदाजानं भरून घेतलं की इंजिन एकतर रेंगाळतंय नाहीतर तापतंय.

लायोनेलमध्ये अजून एक भानगड असते, ई-युनिट, म्हणजे इंजिनाची दिशा बदलणारा आतला स्विच. करंट तोडून परत दिला की आतलं ड्रम एक घर पुढं सरकतं: पुढं, न्यूट्रल, मागं, न्यूट्रल. एसीवर ते भुणभुणतं, तो बिघाड नाही. ड्रमला टेकणाऱ्या पातळ पट्ट्या झिजल्या किंवा वाकल्या की इंजिन एकाच दिशेला अडकतं, आणि नवशिका माणूस उगीच मोटर उघडून बसतो.

डब्लोसारख्या चुंबकाच्या मोटरमधून आर्मेचर बाहेर काढलं की चुंबकाची ताकद उतरते, म्हणून काढताना मध्ये लोखंडाचा तुकडा सरकवायचा. आधीच उतरली असेल तर परत मॅग्नेटाइज करून घ्यावं लागतंय.

ज्याला खरंच औषध नाही असा रोग एकच, जस्ताच्या ओतकामाचा. जस्तात शिसं किंवा कथील अगदी थोडं जरी मिसळलेलं असेल तर वर्षानुवर्षं आतून कण सुटत जातात, बॉडी फुगते, वाकते, बारीक चिरा पडतात आणि एक दिवस बिस्किटासारखी तुटते. १९२९ मध्ये अमेरिकेत झमॅक नावाचा, अगदी शुद्ध जस्त वापरून केलेला मिश्रधातू आला, तरी महायुद्धाआधीच्या बऱ्याच कारखान्यांच्या मालात हा रोग सापडतोच. दमट हवेत तो वाढतो. एपॉक्सी भरून वरून रंग मारून विकणारे आहेत, पण तो भाग आतून फुटतच राहणार, ही फसवणूक आहे. खरा मार्ग म्हणजे जुन्या भागाचं नीट माप घेऊन पितळेत नवीन करून घेणं, आणि तो नवीन आहे हे आतल्या बाजूला कोरून ठेवणं.

वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलची चाकं काढली तर डाव्या आणि उजव्या चाकाच्या, रॉड जोडायच्या पिनांमध्ये ९० अंशांचा फरक परत तंतोतंत बसवायचा, थोडा जरी चुकला तर रॉड अडकतात.

रंगाचं म्हणाल तर शक्यतो हात लावू नये. खरवडलेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त मोलाचा असतोय, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतंय, म्हणून कोरडं घासायचं तर नाहीच. सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं. स्टिकरवरून ब्रशसुद्धा फिरवायचा नाही.

खानापूर-लोंढ्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतीला ओल, तिथं उघड्या फळीवर ठेवलेल्या इंजिनाची चाकं आणि स्क्रू गंजणारच. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, इंजिन सुती कापडात, आणि फोम काढून टाकायचा कारण जुना फोम विरघळून रंगाला चिकटतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून पाच-दहा मिनिटं दोन्ही दिशांना हळू चालवायचं, म्हणजे तेल सगळीकडं फिरतंय, आणि जेल ओलं झालं असेल तर ते तव्यावर गरम करून परत डब्यात टाकायचं.