‘विंटेज’ म्हणण्याआधी : गोव्यातील जुन्या ट्रॅक्टरांच्या दुरुस्तीची पार्श्वभूमी

गोव्यात आज एखादा जुना ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी बाहेर काढला, तर बिघाड शोधण्याआधी त्यावर यापूर्वी झालेल्या दुरुस्त्यांचा माग काढावा लागतो. इंजिन इंग्लंडच्या आराखड्याचे, बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोच्या जागी बसलेला अल्टरनेटर कुठल्याशा जीपचा, डिझेलच्या नळीचा एक नट इंची आट्यांचा तर दुसरा मेट्रिक, आणि अवजार उचलणाऱ्या मागच्या लिफ्टचा एक दांडा तारेने कायमचा बांधून टाकलेला, असे यंत्र समोर उभे राहते तेव्हा कारखान्याची जुनी पुस्तिका निम्म्या प्रश्नांपाशीच थांबते. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे गेल्या साठ वर्षांत इथली शेतजमीन, खाणी आणि बाजारपेठ कशी बदलत गेली, त्यात सापडतात.

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत गोव्याची बाजारपेठ मुरगाव बंदरातून येणाऱ्या परदेशी मालावर चालत होती, तरी भातशेती बैलांच्या आणि रेड्यांच्या खांद्यावरच होती. 19 डिसेंबर 1961 नंतर भारतीय आयात परवान्यांची व्यवस्था इथेही लागू झाली आणि परदेशी यंत्रांचे सुटे भाग सरळ मागवण्याची वाट अरुंद झाली. जुन्या ट्रॅक्टरांच्या दृष्टीने खरा इतिहास सुरू होतो तो इथून, कारण नेमक्या याच सुमारास देशात ट्रॅक्टर बनू लागले होते. फरीदाबादहून 1959 मध्ये जर्मन आराखड्याचा आयशर बाहेर पडला, 1960 च्या दशकात मद्रासहून मॅसी फर्ग्युसन आणि मुंबईहून इंटरनॅशनल बी-275 येऊ लागले, पुढच्या दशकात पिंजोरहून झेकोस्लोव्हाकियाच्या तंत्राचा एचएमटी झेटर 2511 आला, आणि 1974 मध्ये पंजाबातून देशी आराखड्याचा स्वराज आला. घाटावरच्या जिल्ह्यांत रुळलेली ही यंत्रे गोव्यात आली ती नवी तशीच जुनीही, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या दुरुस्तीच्या सवयीही घाट उतरून आल्या.

या यादीतला एक भेद गॅरेजमध्ये रोज आडवा येतो. इंग्लंडच्या परंपरेतल्या यंत्रांचे नट-बोल्ट इंची मापाचे, तर झेटर आणि आयशर मेट्रिक. पाऊण इंची पाना आणि 19 मिलिमीटरचा पाना यांत केसाएवढाच फरक असल्याने तिथे अडत नाही. पण 9/16 इंचाच्या नटाला 14 चा पाना चढत नाही आणि 15 चा लावला तर कोपरे गोल होतात. त्याहून वाईट प्रकार आट्यांचा. इंची भोकात मेट्रिक बोल्ट पहिले दोन-तीन फेरे खुशाल फिरतो, मग अडतो, आणि जोर लावला की मऊ बिडाचे आटे चिरत आत जातो. त्या क्षणी काम झाल्यासारखे वाटते. खरी किंमत दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.

यंत्रागणिक दुखणीही वेगळी होती. झेटर दोन सिलिंडरचा आणि वेट लायनरचा, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्याला बाहेरून थेट पाणी लागणारा. लायनरच्या तळाची रबरी कडी कडक झाली की रेडिएटरचे पाणी गुपचूप ऑइल चेंबरमध्ये उतरते. आयशर एका सिलिंडरचा आणि हवेवर थंड होणारा, त्याला रेडिएटरच नाही. त्याच्या सिलिंडरभोवतीच्या, हवा लागून थंड होणाऱ्या पाकळ्यांमध्ये भाताचा कोंडा आणि सुकलेला चिखल भरला की तो तापतो, आणि ‘पाणी कमी झाले असेल’ असा सल्ला देणारा तिथे उघडा पडतो. त्या काळच्या काही इंजिनांत थंडीत सुरू करण्यासाठीचे हीटर प्लग एकामागोमाग जोडलेले असत, त्यामुळे एक जळाला की सगळे बंद. गोव्याच्या उष्ण हवेत ही उणीव लक्षात येत नाही. ती दिसते ती पावसाळ्यातल्या गार पहाटे, बॅटरी आधीच उतरलेली असताना.

जमिनीच्या बाजूने पाहिले तर 1976 हे वर्ष टाळता येत नाही. कूळ कायद्याच्या दुरुस्तीने 20 एप्रिल 1976 हा कसणाऱ्यांचा दिवस ठरला आणि कुळे जमिनीची मालक मानली गेली. न्यायाच्या दृष्टीने हा निर्णय मोठाच होता. यंत्रांच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा झाला की लहान लहान तुकड्यांच्या मालकाला स्वतःचा ट्रॅक्टर परवडणारा नव्हता, आणि तासावर भाड्याने फिरणारा एकच ट्रॅक्टर अनेकांची शेते करू लागला. अशा ट्रॅक्टरला मृगापासून पुढचे काही आठवडे उसंत नसते. तेल बदलायला, सील पाहायला, ब्रेक उघडायला वेळ मिळतो तो हंगाम सरल्यावर, तोवर चिखलाने आपले काम केलेले असते. जपानी तंत्राचे पॉवर टिलर पुढे लहान शेतांत शिरले आणि मोठ्या ट्रॅक्टरांवरचा हा भार काहीसा हलका झाला, पण त्यांची दुरुस्ती हा वेगळा विषय आहे.

चिखलणी हा शब्द इथे शब्दशः घ्यावा लागतो. रबरी चाकांना किंवा त्यांच्या जागी लोखंडी पिंजऱ्याची चाके लावून ट्रॅक्टर गुडघाभर राडीत फिरतो, तेव्हा मागच्या आसाचे, तेल आत आणि पाणी बाहेर राखणारे ऑइल सील तासन् तास चिखलपाण्याखाली असते. सरदीच्या, म्हणजे पावसाच्या पाण्यावरच्या शेतात ते गोडे पाणी असते. सुमारे 18,000 हेक्टरांच्या खाजन पट्ट्यात, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतांत मात्र मानशीच्या (बांधातल्या पाणदाराच्या) फळ्या झिजल्या किंवा बांधाला भगदाड पडले की खारे पाणी आत येते. कोरगुट ही भाताची जात हा खारेपणा सोसते, बिडाचा ब्रेक ड्रम सोसत नाही. खाजनात काम केलेल्या ट्रॅक्टरचे ब्रेकचे गज आणि फूटबोर्डाचे बोल्ट पाहिले तरी त्याचे आयुष्य कुठे गेले ते कळते. डिचोली तालुक्यातल्या काही शेतांत याच्या जोडीला खाणींवरून वाहून आलेला लाल गाळ होता; हा बारीक, जड आणि घासणारा गाळ सीलच्या ओठाखाली गेला की आसाचा गज नुसता गंजत नाही, त्यावर खाच पडते, आणि मग नवे सीलही महिनाभरात गळू लागते.

पाणी आत गेल्याची पहिली खूण म्हणजे दुधाळ तेल. गिअरबॉक्सच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखा थर दिसला की बहुतेक जण तेल बदलून मोकळे होतात. जाणते मेकॅनिक आधी ट्रॅक्टर रात्रभर हलवत नाहीत आणि सकाळी तळाचा बूच किंचित सैल करतात. तेलापेक्षा जड असल्याने मोकळे पाणी आधी ठिबकते, आणि ते किती ठिबकले यावरून सील गेले की नुसता दमट हवेचा घाम साचला, हे ठरते. पाणी तेलात पूर्ण मिसळून गेले असेल तर एक थेंब तापलेल्या तव्यावर टाकतात. तो तडतडला की वाद संपतो.

फर्ग्युसन परंपरेच्या ट्रॅक्टरांत या दुधाळ तेलाचे महत्त्व अधिक, कारण तिथे गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांचे तेल एकच असते. 1946 ते 1956 या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीत पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेल्या छोट्या करड्या फर्ग्युसनचे वैशिष्ट्य हेच होते की अवजार ट्रॅक्टरच्या मागे ओढले जात नसे, तीन दांड्यांवर टांगले जाई, आणि नांगर खोल रुतू लागला की वरच्या दांड्याचा दाब स्प्रिंगवर येऊन लिफ्ट तो आपोआप किंचित उचले. कोरड्या, कठीण जमिनीत ही युक्ती अप्रतिम चालते. राडीत मात्र अवजाराला सलग विरोधच नसतो, त्यामुळे ही खोलीची जाणीव निरुपयोगी ठरते. पुढच्या मॉडेलांत अवजाराची उंची पक्की धरणारा दुसरा नियंत्रण-दांडा आला, तेव्हा भातशेतीतल्या चालकांनी खोली सांभाळणाऱ्या पहिल्या नियंत्रण-दांड्याकडे पाठ फिरवली आणि कुठे कुठे तो तारेने बांधूनच टाकला. आज असा ट्रॅक्टर दुरुस्तीला येतो तेव्हा मालक सांगतो, ‘हायड्रॉलिक गेले’, आणि या दोन शब्दांत निदान पाच वेगवेगळे बिघाड बसतात. अवजार उचलून इंजिन बंद केल्यावर ते भराभर खाली आले तर गळती सिलिंडरच्या सीलपाशी किंवा व्हॉल्व्हपाशी; इंजिन चालू असताना ते बैलाने मान हलवावी तसे वर-खाली होत राहिले तरी गळतीच, फक्त पंप ती भरून काढतो आहे; आणि अवजार मुळात उचललेच गेले नाही तर आधी पीटीओचा (अवजारांना इंजिनाची फिरकी देणाऱ्या शाफ्टचा) दांडा पाहावा, कारण त्या जुन्या रचनेत लिफ्टचा पंप पीटीओच्या शाफ्टवरच फिरतो. शेवटचा मुद्दा हास्यास्पद वाटेल, पण एवढ्याचसाठी पंप उघडले गेले आहेत.

1970 च्या दशकापासून 2012 पर्यंतची वर्षे खाणींची होती, आणि जुन्या ट्रॅक्टरांची खरी हेळसांड या काळात झाली असे माझे मत आहे. डिचोली, सावर्डे, कुडचडे या भागांत डिझेलचे चांगले हात टिपर ट्रकांकडे वळले, आणि ते स्वाभाविकही होते. ट्रकचा मालक रोख पैसे देई आणि उद्याच गाडी मागत असे, ट्रॅक्टरवाला भात विकले गेल्यावर पैसे देई. मग ट्रॅक्टरच्या वाट्याला उरलेसुरले येई. ट्रकचा अल्टरनेटर, ट्रकचे फिल्टर, ट्रकच्या नळ्या त्याच्यावर चढल्या. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा यांतले काही हात आणि काही मालकही शेडच्या कोपऱ्यातल्या ट्रॅक्टरांकडे परतले.

हे परतणे नव्या शब्दासह झाले, आणि त्या शब्दाने बराच गुंता केला. गॅरेजमध्ये पूर्वी ‘जुने मॉडेल’ एवढेच म्हणत. आता ‘विंटेज’ म्हणतात. इंग्लंडमधल्या मोटारप्रेमींच्या काटेकोर व्याख्येप्रमाणे विंटेज म्हणजे 1919 ते 1930 या काळातली गाडी, म्हणजे त्या मापाने वर उल्लेखलेले एकही यंत्र विंटेज नाही. भारतात जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची व्याख्या आली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली वाहने तीत बसतात, त्यांना क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे मिळतात, आणि नव्या नोंदणीसाठी 20,000 रुपये भरून दहा वर्षांची मुदत मिळते. पण हा नियम दुचाकींचा आणि प्रवासी मोटारींचा आहे. ट्रॅक्टर त्यात नाही. शिवाय अशा वाहनाचा धंद्यासाठी वापर करता येत नाही, तेव्हा तासावर शेते करणारा ट्रॅक्टर नियमात असता तरी अडला असताच.

कायद्याने हात वर केले तरी ‘मूळ रूप’ ही कल्पना मात्र शेडमध्ये शिरली, आणि इथे दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे असे की अल्टरनेटर काढून मूळ डायनॅमो बसवावा, वायरिंग जुन्या रीतीने पॉझिटिव्ह अर्थ करावे (म्हणजे बॅटरीचे धन टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडावे), रंगही मूळ छटेचा द्यावा. दुसरी बाजू म्हणते की 1985 च्या सुमारास कोणा मेकॅनिकने अल्टरनेटर बसवला तोही याच ट्रॅक्टरचा इतिहास आहे. मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे पटते, निदान यंत्र शेतात जाणार असेल तोवर. पण पहिल्या बाजूच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. अर्धवट बदल हाच सर्वांत घातक असतो. जुन्या इंग्लिश ट्रॅक्टरचे पॉझिटिव्ह अर्थ तसेच ठेवून त्यावर निगेटिव्ह अर्थचा अल्टरनेटर जोडला की त्याचे डायोड तत्काळ जळतात, आणि दुकानदाराला दोष देऊन दुसरा आणला की तोही जळतो. ‘ओरिजिनल’ या शब्दाचेही असेच आहे. संग्राहकाच्या तोंडी तो कारखान्यातून निघाला तेव्हाचा भाग असतो. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या दुकानात तो कंपनीच्या डब्यातला भाग असतो, मग तो कालच का बनलेला असेना. आणि राजकोट, लुधियाना किंवा कोल्हापुरात बनलेल्या भागाला ‘डुप्लिकेट’ म्हणतात, जरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना पाहून कातलेली बुश कधीकधी डब्यातल्या बुशपेक्षा नेमकी बसते.

अलीकडची आणखी एक घडामोड शेडच्या बाहेरची आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्षात 10 भागांवर आले. त्याआधीच्या टप्प्यात ते 50 होते, आणि हे ट्रॅक्टर नवे होते तेव्हा हजारांच्या घरात होते. हवेसाठी हे चांगलेच झाले, पण जुन्या डिझेलात फुगून बसलेली डिझेल पंपाची रबरी सील नव्या डिझेलात आकसू शकतात. मग डिझेल बाहेर झिरपते किंवा, अधिक त्रासदायक म्हणजे, हवा आत ओढली जाते. ट्रॅक्टर सुरू होतो, पाच-दहा मिनिटे चालतो आणि धाप लागल्यासारखा बंद पडतो. या एका लक्षणावरून सगळा दोष पंपावर टाकण्याची आता प्रथाच पडली आहे.

सत्तरी तालुक्यात मी पाहिलेल्या एका बी-275 चा पंप याच लक्षणापायी चोर्ला घाटातून दोनदा बेळगावला जाऊन कॅलिब्रेट होऊन आला होता आणि ट्रॅक्टर तसाच बंद पडत होता. तिसऱ्या वेळी मेकॅनिकने पंपाला हात न लावता फिल्टर आणि पंप यांच्या मधली नळी काढून तिच्या जागी हातभर पारदर्शक प्लास्टिकची नळी लावली. इंजिन सुरू झाले, डिझेल पिवळसर आणि स्वच्छ वाहू लागले, आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक फिल्टरच्या बाजूने येऊ लागले. फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट सोडवला तेव्हा तांब्याचा वॉशर एका कडेलाच दबलेला दिसला. बोल्ट वाकडा बसला होता, कारण भोक इंची होते आणि बोल्ट मेट्रिक.