बैलाचे तास आणि कोयत्याचे तास : पार्श्वभूमी

मराठवाड्यात बैलाचा प्रश्न बैलगाडा शर्यतीच्या घाटापेक्षा (शर्यतीच्या धावपट्टीपेक्षा) उसाच्या फडात जास्त येतो. ब्रिटिश हिंदुस्थानात 1890 साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध कायदा झाला, तेव्हा हा मुलूख निजामाकडे होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी म्हणजे खांद्याला तूप-हळद चोळणं, आणि उद्याच्या जेवणाचं आवतन. बैलाचा मान एवढाच, आणि तोही वर्षातून एकदा.

प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्धच्या 1960 च्या केंद्रीय कायद्याने मारणं, जास्त लादणं गुन्हा ठरवलं. त्याच कलम 11 ने ठरावीक पद्धतीचं खच्चीकरण आणि वेसण मात्र गुन्ह्यातून वगळली. म्हणजे गोऱ्ह्याचा बैल होतो ते सगळं माफ. 1965 च्या नियमांनी काम मोजलं: दिवसात 9 तास, सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही, पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही, आर (टोकदार खिळा) लावलेली पराणी, म्हणजे बैल हाकायची काठी, वापरायची नाही.

फडात हे टिकत नाही, कारण मजुरी टनावर आणि डोक्यावर मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. बीडकडचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, टायरगाडी खच्चून भरतो. भार पुढे आला की गाडी धुरजड होते आणि जू खांद्यात रुततं. मागे गेला की उलाळ होते आणि पट्टा गळ्याला आवळतो. दोन बैलांच्या उंचीत फरक असेल किंवा खांदा ओला असेल तर कातडी लवकर सोलते. कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीपुढच्या रांगेत जू खांद्यावर ठेवून गेलेला वेळ कुणी कामाच्या तासांत धरत नाही. कोयत्याचे स्वतःचे तास तर विचारूच नका.

खरा वाद 2014 चा. बैलांच्या शर्यतबंदीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम 21 मधलं जीवन प्राण्यांपर्यंत नेलं, भूक-तहान, वेदना, भीती यांपासून मुक्तीची पाच स्वातंत्र्यं सांगितली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, 2021 च्या डिसेंबरात अटींसह शर्यती सुरू झाल्या. 18 मे 2023 ला त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने ती दुरुस्ती उचलून धरली आणि प्राण्यांना मूलभूत हक्क दिल्याचा पूर्वीचा दाखला नसल्याचं सांगून तो विषय विधिमंडळांवर सोडला. निकालाची बातमी शर्यत जिंकल्यासारखी झाली. जुन्या निकालातला हक्काचा धागा तुटला, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

माणसाचं कर्तव्य तेवढं उरलं, आणि त्याची किंमत कायद्यातच आहे: जास्त भार लादल्याच्या पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड. जबाबदारी जुंपायला लावणाऱ्याचीही धरता येते, पण रस्त्यात अडवला जातो तो गाडीवान.