ट्रॅक की रूट? एका फाइलीतल्या दोन वाटा

गेल्या जानेवारीत एका मित्राने व्हॉट्सॲपवर फाइल धाडली. सोबत निरोप : "दिवाडीचा रूट पाठवलाय. पहाटे सायकल काढ आणि नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या पाया पडून ये." फाइल उघडली तर निळी रेघ जुन्या गोव्याच्या फेरीधक्क्यावर पोचते, तिथे सुतळीच्या गुंत्यासारखी स्वतःभोवतीच घुटमळते आणि मग सरळ मांडवीत उतरून पलीकडे बेटावर चढते. ॲपच्या हिशेबाने गड्याने नदीही सायकलनेच पार केली होती. प्रत्यक्षात तो फेरीबोटीच्या कठड्याला टेकून उभा असणार; खिशातला फोन नोंद करत राहिला, एवढंच.

म्हणजे त्याने पाठवला तो रूट नव्हताच, ट्रॅक होता. बोलताना आपण सगळ्यालाच रूट म्हणतो आणि दिवाडीसारख्या बेटावर त्याने काही बिघडत नाही. सत्तरी तालुक्याच्या रानात मात्र बिघडतं.

ट्रॅक म्हणजे कोणीतरी खरोखर चालून गेलेली वाट, फोनने किंवा घड्याळाने टिपलेली. रूट म्हणजे घरी बसून आखलेला मार्ग, ज्यावर कदाचित अजून कोणाचाच पाय पडलेला नाही. एक भूतकाळात बोलतो : "मी इथून गेलो." दुसरा आज्ञार्थात : "इथून जा." नकाशावर दोन्ही रेघा सारख्याच दिसतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

हा भेद मुळात फाइलीतच केलेला आहे. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि साध्या यंत्रांना वाट टिपणं जमू लागलं. मग वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांचं कळावं म्हणून २००२ साली जीपीएक्स हा फाइलीचा साचा आला. आज आपण वापरतो ती त्याची १.१ ही आवृत्ती २००४ ची. तिच्यात तीनच प्रकारच्या वस्तू मावतात : वेपॉइंट, म्हणजे फेरीधक्का, झर, चहाचा गाडा अशी एकेकटी खूण, रूट, म्हणजे ओळीने घ्यायचे थोडेसे टप्पे, आणि ट्रॅक, म्हणजे ठिपक्यांची लांबलचक माळ. दर सेकंदाला एक ठिपका धरला तर तीन तासांच्या फेरफटक्यात १०,८०० ठिपके होतात. बहुधा प्रत्येकाला अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ चिकटलेली असते.

रूटमध्ये तेवढ्याच वाटेला पंधरा-वीस टप्पे असले तरी भागतं. मधलं काय ते समोरच्या यंत्राने ठरवायचं, आणि यंत्रं आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवतात. एखादं दोन टप्प्यांमध्ये सरळ रेघ ओढून मोकळं होतं, मग ती शेतातून जावो की घरातून. दुसरं स्वतःच्या नकाशावर नव्याने रस्ता शोधतं. त्यामुळे एकच रूट दोघांच्या फोनवर दोन वेगळ्या रस्त्यांनी जाऊ शकतो, आणि मग "अरे, पण तू पाठवलेल्या फाइलीत असंच होतं" हा वाद पेट्रोलपंपावर उभं राहून घालता येतो. ट्रॅकचं तसं होत नाही. ठिपके इतके जवळजवळ असतात की यंत्राला स्वतःची अक्कल चालवायला जागाच उरत नाही.

म्हणून ट्रॅकवर डोळे मिटून विश्वास ठेवावा? इथे गोव्यातलंच एक उदाहरण पुरे आहे, आणि त्यात ट्रॅक हा शब्दच गंमत करतो. कुळ्याहून दूधसागरला रेल्वेच्या रुळांवरून चालत गेलेल्यांच्या नोंदी इंटरनेटवर वर्षानुवर्षं पडून आहेत. रेघ स्वच्छ, उंची बरोबर, खाली फोटो झकास. रुळांवरून असं चालणं १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, हे ती रेघ सांगत नाही. कोणीतरी गेलं होतं, यापलीकडे ती काहीच सांगत नाही. तिथे मार्ग आखणारं साधं ॲप जास्त शहाणं ठरतं, कारण त्याच्या लेखी रेल्वे ही रेल्वे असते, पायवाट नव्हे. ते तुम्हाला रुळांवर घालणारच नाही.

ऋतूचंही तसंच. जानेवारीत टिपलेला ट्रॅक ज्या ओहोळातून कोरड्या बुटांनी पार होतो, तोच ओहोळ जुलैत माणूस ओढून नेतो. २०२३ च्या जुलैमध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर बुडून मृत्यू झाले, त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. फाइलीत तारीख असते. ती बघायची सवय मात्र फार थोड्यांना. मी तरी कुठलाही ट्रॅक घेतला की आधी महिना बघतो, मग किलोमीटर.

रूटची खोड वेगळी. ती मला दिवाडीवरच कळली. मी उपग्रहाच्या चित्रावर बोट फिरवून स्वतःचा मार्ग आखला. खाजनशेतांमधून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांमधून, एक पांढुरकी, सरळ, देखणी पट्टी जात होती. मी तिला रस्ता समजलो. तो बांध होता. पहिला अर्धा किलोमीटर मजेत गेला, मग मानशीपाशी, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारापाशी, बांध इतका चिंचोळा झाला की सायकल खांद्यावर घ्यावी लागली, आणि पुढे भरतीच्या पाण्याने खचलेला भाग आला. चित्रात ओल दिसत नाही. परत फिरलो तेव्हा कामाला आला तो त्याच दिवशी फोनने टिपलेला माझाच ट्रॅक : आल्या वाटेने मागे. रूट घेऊन जातो, पण परत आणायची हमी ट्रॅकची. म्हणून आखलेल्या मार्गावर चालतानाही नोंद चालू ठेवावी. फोनला त्यासाठी रेंज लागत नाही. नकाशा मात्र घरून उतरवून न्यावा लागतो, नाहीतर चोर्ला घाटाच्या आसपास कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा बघत बसावं लागतं.

ट्रॅक खरा असला तरी तंतोतंत नसतो, हेही सांगायला हवं. उघड्या माळावर फोनची चूक साधारण पाच मीटरच्या आत राहते. दाट झाडीत किंवा घळीत संकेत कड्यांवर आपटून येतात आणि रेघ दहा-वीस मीटर इकडेतिकडे नाचते. जेवायला बसलात तरी ठिपके हलत राहतात आणि न चाललेलं अंतर बेरजेत जमा होतं. म्हणून एकाच वाटेचा ट्रॅक आखलेल्या रूटपेक्षा लांब भरला तर घाबरायचं कारण नाही. आणि रानातल्या फाट्यावर रेघेपेक्षा जमिनीवर मळलेल्या वाटेचं ऐकावं.

हे दोन्ही इतके वेगळे असूनही रूट जन्माला येतो तो ट्रॅकांच्या पोटी. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशावर लोक आपले ट्रॅक चढवतात आणि त्यांवरून पायवाटा काढतात. झाडांच्या छताखाली गेलेली वाट उपग्रहाला दिसत नाही, तिथे चालून टिपलेल्या रेघेशिवाय इलाज नसतो. त्या पायवाटांवर मग कितीतरी ॲपं तुमच्यासाठी मार्ग आखतात. धावण्या-सायकलिंगची नोंद ठेवणारी स्ट्राव्हासारखी ॲपं तर लाखोंचे ट्रॅक एकावर एक रचून कुठे वर्दळ आहे ते झळाळत्या रंगात दाखवतात, आणि मार्ग आखताना त्या झळाळीकडे झुकतात. जिथे कोणी गेलेलंच नाही, तिथे त्यांचा रूट अंदाजाने बोलतो.

आलेली फाइल कोणत्या जातीची हे ओळखायला फार विद्या लागत नाही. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. टी-आर-के दिसलं तर ट्रॅक, आर-टी-ई दिसलं तर रूट. पण एवढ्यावर थांबू नका, कारण मार्ग आखून देणारी कित्येक संकेतस्थळं आपला रूटही ट्रॅकच्या वेष्टनात गुंडाळून देतात, समोरच्या यंत्राने त्यात स्वतःचं डोकं घालू नये म्हणून. खरी खूण वेळेची. ठिपक्यांना वेळा असतील, वेग चढावर कमी आणि उतारावर जास्त असेल, विश्रांतीच्या जागी गुंता असेल, तर कोणीतरी खरंच घाम गाळला आहे. वेळाच नसतील, किंवा सगळीकडे एकच गुळगुळीत वेग असेल, तर रेघ बहुधा खुर्चीत बसून ओढलेली. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. नाहीतर सकाळी साडेसहाला निघालेला माणूस रात्री एकला रानात शिरला असं वाटून उगाच आदर वाढतो.

वाटून देताना तर फरक आणखी बोचतो. रूट वाटला तर फक्त वाट जाते. ट्रॅक वाटला तर तुमचं दार, निघायची वेळ आणि घर किती तास रिकामं होतं हेही जातं. स्ट्राव्हाच्या त्याच झळाळत्या नकाशावर २०१८ च्या जानेवारीत लोकांना वाळवंटातल्या लष्करी तळांच्या आकृत्या दिसल्या होत्या, सैनिकांच्या रोजच्या धावण्यातून उमटलेल्या. आपलं घर काही लष्करी तळ नाही, पण सुरुवातीचे आणि शेवटचे काहीशे मीटर कापून टाकायला मिनिटही लागत नाही. अभयारण्यातली वाट असेल तर मी ती सगळ्यांसाठी टाकतच नाही. तिथे शिरायला परवाना लागतो, फाइल कोणालाही मिळते, आणि दहा जणांनी ट्रॅक धरला की अकराव्याला ती जुनी पायवाटच वाटते.

दिवाडीची माझी फाइल आता मीही पाठवतो, पण ट्रॅक म्हणून, महिना लिहून. घराकडचा तुकडा कापलाय. ती धक्क्यावरून सुरू होते. बांधावरची फजितीही काढली. शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ वेपॉइंट करून ठेवलंय, कारण नार्व्याला उतरल्यावर सगळे तेच विचारतात. नदीवरची रेघ तशीच आहे. दोन्ही धक्क्यांवरचे गुंते पुसायला ॲप सुचवत होतं, ते मात्र मी मुद्दाम राहू दिले. तिथे फेरीची वाट बघावी लागते.