वाय-फाय

घर, कचेरी, वाचनालय अशा मर्यादित जागेत मोबाइल, संगणक इ. उपकरणे रेडिओ लहरींनी राउटरशी (इंटरनेटची जोडणी अनेक उपकरणांना वाटून देणाऱ्या पेटीशी) जोडणारे तंत्र. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. राउटरपर्यंत येणारी केबल तुटली, तर मोबाइलवर वाय-फायच्या सर्व रेषा भरलेल्या दिसतात, पण ‘नेट’ चालत नाही. हॉटस्पॉटमध्ये राउटरचे काम मोबाइलच करतो व सिमकार्डावरचा डेटा खर्ची पडतो.

नाव : ‘वायरलेस फिडेलिटी’चे हे लघुरूप असल्याचे सर्रास सांगितले जाते, ते ग्राह्य धरता येत नाही. उत्पादकांच्या संघटनेने (आजची वाय-फाय अलायन्स) १९९९ च्या सुमारास इंटरब्रँड या कंपनीकडून हे नाव करवून घेतले. संघटनेचे एक संस्थापक फिल बेलांजर यांच्या म्हणण्यानुसार या अक्षरांना मुळात विस्तारच नव्हता. तो ‘वायरलेस फिडेलिटी’ हे शब्द असलेल्या घोषवाक्यातून मागाहून चिकटला. घोषवाक्य संघटनेचेच असल्याने गैरसमज टिकला. ‘हाय-फाय’शी (उत्तम ध्वनियंत्रणेसाठीचा शब्द) जुळणारा उच्चार मात्र उघड आहे.

जनकत्व : हाही वादाचा विषय. हवाई विद्यापीठाच्या अलोहानेटने (१९७१) रेडिओवरून संगणक जोडले होते. अमेरिकेने १९८५ मध्ये काही लहरपट्टे (रेडिओ लहरींच्या वारंवारतेचे पट्टे) विनापरवाना खुले केल्यावर या तंत्राला वाट मिळाली. विक हेस यांच्या अध्यक्षतेखालील आयईईई (अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संस्था) समितीचे ८०२.११ हे वाय-फायचा पाया असलेले मानक १९९७ मध्ये आले. त्याचा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेला शोधाचे श्रेय देणारे मतही प्रचलित आहे. खोलीतील भिंतींवरून परावर्तित होऊन मागेपुढे पोहोचणारे संदेश निस्तरण्याच्या तिच्या पद्धतीला १९९६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. पण पहिल्या मानकात ती पद्धत नव्हती. तिचा संबंध पुढील वेगवान आवृत्त्यांशी आहे. त्यामुळे हेस समितीला अग्रमान व सीएसआयआरओला वेगवाढीचे श्रेय, ही विभागणी अधिक सयुक्तिक वाटते.

लहरपट्टे : २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सु. १२.५ सेंमी. असते. ५ गिगाहर्ट्‌झवर वेग जास्त मिळतो, पण भिंतीपलीकडे जोर लवकर ओसरतो. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालते. ती सुरू असताना शेजारच्या मोबाइलवरील व्हिडिओ अडखळतो, तो यामुळे.

भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना वापरता येतो. रेलटेल (रेल्वेची दूरसंचार कंपनी) व गूगल यांच्या रेल्वे स्थानकांवरील मोफत वाय-फाय सेवेचा आरंभ जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल येथे झाला.