वाचणारी निर्माती: ज्युलिया फिलिप्स

2 एप्रिल 1974. लॉस एंजेलिसमधला ऑस्करचा सोहळा संपत आलेला. सूत्रसंचालक डेव्हिड निव्हन एलिझाबेथ टेलरला मंचावर बोलावण्याच्या बेतात असताना त्याच्या पाठीमागून एक माणूस अंगावर चिंधीही नसताना पळत गेला. हशा ओसरल्यावर टेलर आली, लिफाफा फोडला आणि ‘द स्टिंग’चे तीन निर्माते वर आले: टोनी बिल, मायकेल फिलिप्स आणि ज्युलिया फिलिप्स. ज्युलियाला तीस पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते. निर्माती म्हणून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेणारी ती पहिली बाई. न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेकच्या आपल्यासारख्या सरळ ज्यू मुलीला एकाच रात्री ऑस्करही मिळावं आणि एलिझाबेथ टेलरही भेटावी, असं काहीसं ती माइकवर बोलली. लोक पुन्हा हसले. त्या सोहळ्याची आठवण आजही निघते, पण बहुतेक वेळा त्या नागड्या माणसामुळे.

यातल्या ‘पहिली’ या शब्दामागे थोडी कागदोपत्री गंमत आहे. 1950 पर्यंतच्या चित्रपटांसाठी हे पारितोषिक स्टुडिओच्या नावे दिलं जाई. 1951 च्या चित्रपटांपासून ते निर्मात्याच्या नावे देऊ लागले. म्हणजे ज्या काळात हॉलिवूडमध्ये बऱ्यापैकी बायका निर्मितीत होत्या, तेव्हा ऑस्करची बाहुली स्टुडिओच्या कपाटात जायची. आणि व्यक्तीला द्यायची ठरली तोवर बायका जवळपास दिसेनाशा झाल्या होत्या.

कारण सुरुवात काही पुरुषांची मक्तेदारी म्हणून झाली नव्हती. अ‍ॅलिस गी ही पॅरिसमध्ये गोमों कंपनीत सेक्रेटरी. कचेरीचं काम सांभाळून तिने 1896 च्या सुमारास सिनेमे करायला घेतले आणि पुढे अमेरिकेत जाऊन 1910 मध्ये ‘सोलॅक्स’ ही स्वतःची कंपनी काढली. न्यू जर्सीतल्या फोर्ट लीला स्टुडिओ बांधला. 1919 मध्ये नटी मेरी पिकफर्डने चॅप्लिन, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्या जोडीने ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ उभी केली, आणि हिशेबाला ती चौघांत सर्वांत पक्की असं म्हणतात. मग बोलपट आले, यंत्रसामग्री महागली, बँकांचा पैसा आला, मोठ्या स्टुडिओंनी सगळं गिळलं. धंदा लहान होता तोवर बायकांना जागा होती. त्यात खरा पैसा दिसू लागल्यावर खुर्च्या भरल्या. (हे फक्त सिनेमाचंच झालं असं नाही, पण ते असो.)

अपवाद होते. हिचकॉककडे सेक्रेटरी म्हणून लागलेली जोन हॅरिसन 1944 मध्ये ‘फँटम लेडी’ची निर्माती झाली. कोलंबिया स्टुडिओत व्हर्जिनिया व्हॅन अप पटकथालेखनातून वर चढली आणि 1946 चा ‘गिल्डा’ तिने पडद्यावर आणला. यांची वाट पाहिली तर सारखी दिसते: टाइपरायटरच्या टेबलावरून, दुसऱ्याचे कागद वाचत-सुधारत निर्मितीच्या खोलीपर्यंत. ज्युलियाही याच वाटेने आली.

जन्म 1944 चा, न्यूयॉर्कचा. वडील इंजिनिअर. 1965 मध्ये माउंट होलिओक या मुलींच्या कॉलेजातून राज्यशास्त्रात पदवी, पुढच्या वर्षी मायकेल फिलिप्सशी लग्न. तो वॉल स्ट्रीटवर, ही मासिकांत. मग पॅरामाउंट स्टुडिओच्या न्यूयॉर्क कचेरीत ‘स्टोरी एडिटर’. नाव भारदस्त, काम हमालीचं: येणाऱ्या कादंबऱ्या, नाटकं, संहिता वाचायच्या, पान-दीड पानाचा सारांश करायचा आणि खाली शेरा लिहायचा, घ्यावं की नाही. शेकडो संहिता वाचल्यावर माणसाला तिसऱ्या पानावर कळायला लागतं की लेखक हवा भरतोय. बायकांना हे काम सहज मिळे, कारण त्यात अधिकार नव्हता. वाचणारीने ‘हो’ म्हटलं तरी चेक दुसरा फाडणार.

तो चेक फाडणाऱ्यांची अवस्था मात्र सत्तरच्या दशकाच्या तोंडावर वाईट होती. 1948 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला आणि स्टुडिओंना आपापली थिएटरं सोडावी लागली. त्यात टीव्ही आला. 1969 मध्ये ‘ईझी रायडर’ नावाच्या चार लाख डॉलरच्या आतबाहेरच्या सिनेमाने गल्ला भरला, आणि लांब केसांच्या पोरांना काय आवडतं हे कळेनासे झालेले साठीतले साहेब घाबरले. पंचविशी-तिशीतल्या कुणाच्याही हातात चांगली संहिता असली की दार उघडू लागलं. ज्युलिया आत शिरली ती याच फटीतून. स्टुडिओंनी बायकांसाठी म्हणून काही उघडलं नव्हतं. घर गळायला लागलं म्हणून दार सताड राहिलं होतं.

आपल्याकडे निर्माता म्हटलं की पैसे लावणारा शेठ डोळ्यांसमोर येतो. हॉलिवूडचा स्वतंत्र निर्माता सहसा स्वतःचा पैसा घालत नाही. तो संहितेचे हक्क ठराविक मुदतीसाठी थोडक्या पैशांत बांधून ठेवतो, मग तिला दिग्दर्शक आणि नट चिकटवतो, आणि ती सगळी मोट स्टुडिओच्या दारात नेतो. म्हणजे भांडवल कसलं, तर नजरेचं.

फिलिप्स जोडपं कॅलिफोर्नियाला आलं, मालिबूजवळच्या किनाऱ्यावर राहू लागलं आणि अभिनेता टोनी बिलबरोबर त्यांनी कंपनी काढली. शेजारीच मार्गो किडर आणि जेनिफर सॉल्ट या नट्यांचं घर होतं. तिथे शनिवार-रविवारी डी पाल्मा, स्कोर्सेझी, स्पीलबर्ग, श्रेडर अशी, पुढे दिग्दर्शक-लेखक म्हणून गाजलेली पण अजून फारशी कुणाला ठाऊक नसलेली मंडळी पडलेली असत. पहिला सिनेमा ‘स्टीलयार्ड ब्लूज’ (1973) आपटला. पण त्याचा लेखक डेव्हिड वॉर्ड खिसेकापूंचा अभ्यास करता करता ठगांच्या दुनियेत जाऊन पोचला होता, आणि त्यातून ‘द स्टिंग’ निघाला. न्यूमन आणि रेडफर्ड हे नट आले, जॉर्ज रॉय हिलने दिग्दर्शन केलं. दहा नामांकनं, सात ऑस्कर, एकट्या अमेरिकेत 15 कोटी डॉलरहून जास्त कमाई.

माझ्या मते तिची खरी परीक्षा मात्र ‘टॅक्सी ड्रायव्हर’ची. मोडलेलं लग्न, पोटात अल्सर, गाडीतच काढलेल्या रात्री, अशा अवस्थेतून बाहेर पडताना पॉल श्रेडरने ती संहिता लिहिली होती. डी पाल्माने ती फिलिप्स जोडप्याला दाखवली. वाचणारा प्रत्येकजण वाहवा करी आणि करायला कुणी तयार नसे. हक्क घेऊन ठेवले आणि वाट पाहिली. स्कोर्सेझीचा ‘मीन स्ट्रीट्स’ पाहिल्यावर ठरलं, दिग्दर्शक स्कोर्सेझी आणि नट डी नीरो, दोघं मिळूनच. मधल्या काळात डी नीरोला ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागासाठी ऑस्कर मिळालं, श्रेडरची दुसरी संहिता मोठ्या रकमेला विकली गेली, निर्मात्यांच्या घरी बाहुल्या होत्याच. सगळ्यांचे भाव वाढले आणि सगळ्यांनी भाव पाडून काम केलं. डी नीरोने 35 हजार डॉलर घेतले. 1975 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये चित्रीकरण झालं. शेवटच्या रक्तपातामुळे प्रमाणपत्र अडलं, तेव्हा त्या प्रसंगातला रंगच फिका करून रक्त तपकिरी केलं. 1976 मध्ये कान महोत्सवात पाम दॉर, तिथला सर्वोच्च पुरस्कार. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात निर्माते म्हणून पुन्हा फिलिप्स पती-पत्नीची नावं, तोवर ते पती-पत्नी राहिले नव्हते तरी.

पुढचा मोठा सिनेमा, परग्रहवासीयांवरचा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’, थेट आपल्या अंगणात येतो. खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात हाळ नावाचं गाव आहे. आज रायगड जिल्हा म्हणतो तो तेव्हा कुलाबा होता. फेब्रुवारी 1977 मध्ये दिग्दर्शक स्पीलबर्ग, या सिनेमात नट म्हणून असलेला फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो आणि त्यांचा लवाजमा तिथे येऊन थडकला. पडद्यावर पाटी येते ती धरमशाला, उत्तर भारत अशी! शेकडो माणसं माना वर करून ‘आया रे, आया’ असं पाच सुरांत म्हणत असतात. हा आवाज कुठून आला, असं विचारल्यावर सगळे हात एकदम आकाशाकडे जातात. भाषांतर लागत नाही. हिमाचलच्या नावाखाली सह्याद्रीच्या पायथ्याशी घेतलेला तो प्रसंग मिनिटभराचा, पण पाहिलेला माणूस विसरत नाही.

तिथपर्यंत पोचेतो बजेटचा पत्ता राहिला नव्हता. तीस लाख डॉलरच्या आत होईल म्हणून सांगितलेला सिनेमा दोन कोटींच्या जवळ जाऊन बसला. अलाबामात मोबील गावी जुन्या हवाई तळाच्या हँगरमध्ये एवढा प्रचंड सेट लावला होता की दमट हवेने आत ढग धरायचे. सिनेमा काढणारी कोलंबिया कंपनी आधीच कर्जात. तिचं तरणं-बुडणं या एका सिनेमावर होतं. डॅलसमधल्या पूर्वखेळाला जाऊन आलेल्या एका पत्रकाराने सिनेमा पडणार असं छापलं, तर शेअर गडगडला. त्रुफोने मुलाखतीत चित्रीकरणातल्या गोंधळाचं खापर ज्युलियावर फोडलं. आणि ज्युलिया स्वतः तोवर कोकेनच्या पुरती आहारी गेली होती. संकलन, विशेष दृश्यं, संगीत यांची जुळणी चालू असतानाच तिला बाजूला काढलं. नोव्हेंबर 1977 मध्ये सिनेमा लागला, धो धो चालला, कंपनी वाचली.

तिला काढलं ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. व्यसन खरं होतं आणि ते तिने कधी लपवलंही नाही. पण त्याच वर्षी, त्याच कोलंबियात आणखी एक प्रकरण चाललं होतं. स्टुडिओप्रमुख डेव्हिड बेगलमनने नट क्लिफ रॉबर्टसनच्या नावे 10 हजार डॉलरचा चेक काढून, त्याची खोटी सही करून पैसे उचलल्याचं उघड झालं. गुन्हा चालला, बेगलमनने आरोप नाकारला नाही, त्याला प्रोबेशन मिळालं. भरपाईची समाजसेवा म्हणून त्याने काय करावं, तर अमली पदार्थांविरुद्ध माहितीपट! आणि 1980 मध्ये तो एमजीएम स्टुडिओचा प्रमुख झाला. ज्याची खोटी सही केली त्या रॉबर्टसनचं मात्र तसं झालं नाही; त्या बिचाऱ्याला तोंड उघडल्यावर काही वर्षं काम मिळेना. हॉलिवूड काय माफ करतं आणि कुणाला, याची यादी करायची तर ज्युलियाच्या शेजारी ही नोंद ठेवावीच लागते.

तिने ‘फिअर ऑफ फ्लाइंग’ या गाजलेल्या कादंबरीचा सिनेमा स्वतः दिग्दर्शित करायचं ठरवलं होतं. लेखिका एरिका जाँग कोर्टात गेली आणि ते बारगळलं. नशेत पैसा गेला, घर गेलं. 1988 मध्ये ‘द बीट’ हा एक छोटा सिनेमा आला आणि गेला.

मग 1991 मध्ये तिने आत्मचरित्र लिहिलं. ‘या गावात तुला परत कुणी जेवायला बोलावणार नाही’ अशा अर्थाचं शीर्षक, पाचशेहून जास्त पानं, सगळी नावं खरी. कोण कंजूष, कोणाच्या अंगाला वास, कोण कशाच्या नशेत, काही सोडलं नाही. स्वतःला तर सर्वांत कमी सोडलं. ऑस्करच्या रात्री आपण काय काय पोटात घालून मंचावर चढलो होतो त्याची यादी त्यात आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पुस्तक पहिलं आलं आणि शीर्षकातली धमकी बऱ्याच अंशी खरी झाली. वाचताना मला सारखं जाणवतं ते वेगळंच. माणसांबद्दल जहरी असलेली ही बाई संहितेबद्दल बोलू लागली की आवाज बदलतो. कुठलं पान चाललं, कुठलं अडलं, हे तिला वीस वर्षांनीही लख्ख आठवतं.

पुस्तक येण्याच्या आदल्या वर्षी, 1990 मध्ये ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’साठी लिली फिनी झॅनकला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ज्युलियानंतर ते घेणारी ती पहिली निर्माती. मध्ये सोळा वर्षं गेली. लिलीचा नवरा रिचर्ड झॅनक हा ‘द स्टिंग’ सादर करणाऱ्या जोडीतला एक.

1 जानेवारी 2002 ला ज्युलिया कॅन्सरने गेली, वयाच्या 57 व्या वर्षी. ‘क्लोज एन्काउंटर्स’ पुढे नव्याने कापला, जोडला गेला, त्याच्या दोन-तीन आवृत्त्या निघाल्या. कुठलीही लावा: निर्माते, ज्युलिया फिलिप्स आणि मायकेल फिलिप्स. तिचं नाव आधी.